कच्च्या खड्याला नाव हवे

नवरत्नांचे नऊ खडे परदेशातून एकाच पेटीत, न घडवलेले, मागवले तर सीमाशुल्काच्या यादीत ते एका ठिकाणी बसत नाहीत. मोती ७१०१ मध्ये जातो, हिरा ७१०२ मध्ये. माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज, गोमेद, लसण्या हे सहा ७१०३ मध्ये. पोवळे तर रत्नांच्या ७१व्या प्रकरणातच नाही. कच्चे पोवळे शंखशिंपल्यांच्या शेजारी ०५०८ मध्ये आणि घडवलेले ९६०१ मध्ये. हेच नऊ खडे सोन्यात जडवून अंगठी झाली की सगळे मिळून ७११३.

या मांडणीत मनमानी नाही. व्यवहारात आपण ज्याला एचएस कोड म्हणतो ती हार्मोनाइज्ड सिस्टिम १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि ब्रसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. वस्तू कशाची आहे हे ती आधी विचारते, तिच्यावर किती काम झाले आहे हे नंतर. पहिले सहा अंक सगळ्या जगात सारखे असतात. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे जोडतो, भारतात ते आठ होतात. हिऱ्यांच्या बाबतीत ही पद्धत बरीच नीट बसली आहे. निवड न झालेले हिरे, औद्योगिक हिरे, दागिन्यांचे कच्चे हिरे, घडवलेले हिरे, प्रत्येकाला आपापला आकडा आहे. अडचण आहे ती ७१०३ १० या एका रकान्यात.

हा रकाना हिरा सोडून बाकी सर्व कच्च्या रत्नांचा आहे: न घडवलेली, नुसती कापलेली किंवा ढोबळ आकार दिलेली. मोझांबिकचे माणिक, झांबियाचा पाचू, ब्राझीलचा जमुनिया, आणि पोत्यांनी येणारा अकीकसुद्धा यातच. पैलू पाडून झाले की मात्र माणिक, नीलम आणि पाचू यांना ७१०३ ९१ हा वेगळा आकडा मिळतो, बाकीच्यांना ७१०३ ९९. म्हणजे खडा घडवून झाल्यावर जगाला त्याचे नाव कळते आणि खाणीतून निघताना तो निनावी असतो. उलटे व्हायला हवे होते. घडवलेला खडा कोणत्याही प्रयोगशाळेत अर्ध्या तासात ओळखता येतो, कच्च्याचीच ओळख अवघड असते, आणि कुठून आला, कोणाच्या जमिनीतून निघाला, किती रॉयल्टी भरली हे सगळे प्रश्न कच्च्या खड्यालाच विचारायचे असतात.

भारताच्या आठ अंकी तपशिलात काही रत्नांना स्वतंत्र रकाने आहेत, पण समोरच्या देशाच्या यादीत तेच रकाने असतील याची खात्री नसते. त्यामुळे त्यांची निर्यात आणि आपली आयात ताडून पाहायची म्हटले तर दोन्हीकडे सारखा असलेला सहा अंकी ढीगच हाती राहतो. त्यात वजनाचा घोळ. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, एक किलो म्हणजे ५,००० कॅरेट. अकीक किलोने विकला जातो आणि माणिक कॅरेटने, आणि दोघांची बेरीज एकाच रकान्यात होते. त्या बेरजेतून काढलेला दर किलोचा सरासरी भाव ना अकिकाचा असतो ना माणकाचा. अशा आकड्यावर मूल्यांकनाचा इशारा, म्हणजे किंमत संशयास्पद वाटली की वाजणारी सूचना, बसवला तर तो चुकीच्या पार्सलवर वाजतो आणि ज्यावर वाजायला हवा ते पार्सल निघून जाते.

एकाच खनिजाला दोन दारे असतात, ही गोष्ट नवीन आयातदाराला सर्वात जास्त नडते. गार्नेट घ्या. तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतले गार्नेट घासकामासाठी जाते, ते २५१३. दागिन्यात बसेल असा गोमेद हेही गार्नेटच, पण तो ७१०३. कुरुंदाचेही तसेच. सहाणेच्या कामाचा नैसर्गिक कुरुंद २५१३ मध्ये, त्याचेच लाल पारदर्शक स्फटिक माणिक म्हणून ७१०३ मध्ये. साधे क्वार्ट्झ २५०६, जांभळे झाले की जमुनिया ७१०३. फेल्डस्पार २५२९, त्यातला चंद्रकांत, म्हणजे मूनस्टोन, ७१०३. बेरिल धातूसाठी आले तर खनिजधातूंच्या २६१७ मध्ये, पाचू असेल तर पुन्हा ७१०३. अंबर लोक रत्न म्हणून घालतात, पण कच्चे अंबर २५३०. कृत्रिम माणिक ७१०४ आणि काचेचा नकली खडा ७०१८.

या दारांमधली सीमा रासायनिक सूत्राने ठरत नाही, गुणवत्तेने ठरते: दागिन्यात वापरता येईल असा खडा आहे का? प्रश्न सरळ वाटतो. पण झांबियातून येणारा काळ्या अभ्रकी दगडात रुतलेला पाचू डोळ्यांसमोर आणा. शंभर ग्रॅमच्या तुकड्यात हिरवा भाग दहा ग्रॅम, त्यातलाही बराचसा चिरा पडलेला. त्यातून एक कॅरेटचा खडा निघेल की मणी, की नुसती भुकटी, हे जयपूरचा अनुभवी कारागीरसुद्धा तुकडा फोडल्याशिवाय छातीठोकपणे सांगणार नाही. तपासणी टेबलावरच्या अधिकाऱ्याने ते दहा मिनिटांत सांगावे अशी आपली व्यवस्था आहे.

ओळखीचेही तेच. घडवलेल्या खड्याचा वक्रीभवनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो त्याचे माप, रिफ्रॅक्टोमीटर या यंत्रावर लगेच मिळतो, कारण त्याला सपाट, चकचकीत पैलू असतो. कच्च्या खड्याला तो नसतो, त्यामुळे ते यंत्र तिथे निकामी ठरते. मग उरतो पाण्यात तोलण्याचा जुना आणि चांगला उपाय. लाल गोटा हवेत ४०.०० कॅरेट भरला आणि पाण्यात ३०.०० कॅरेट, तर घट १० कॅरेट. ४० भागिले १० म्हणजे घनता ४.००, हे माणिक. तेवढाच गोटा पाण्यात २८.८९ भरला तर घट ११.११ आणि घनता ३.६०, म्हणजे तो स्पिनेल, माणकासारखा दिसणारा दुसराच लाल खडा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा लागतो, नाहीतर दगडाच्या खाचेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता कमी दिसते. दगडाला दुसरा खडक चिकटलेला असेल तर आकडा फसवतो. एक कॅरेटच्या खड्यात तर दोघांच्या घटीतला फरक जेमतेम ०.०२८ कॅरेट. साध्या तराजूवर तेवढा फरक एका बुडबुड्यात वाहून जातो. नदीत घासून गोल झालेल्या खड्याचा स्फटिकाकारही गेलेला असतो. नाहीतर माणकाचा षटकोनी पिंपासारखा आकार आणि स्पिनेलचा अष्टफलक नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात.

फसवणुकीचा एक जुना प्रकार याहून कठीण आहे. ज्योतीत वितळवून बनवलेले कृत्रिम माणिक १९०२ पासून जगाला माहीत आहे. त्याचा लांबट कांडा, ज्याला बूल म्हणतात, आतल्या ताणामुळे उभा दुभंगतो. त्याचे तुकडे करून फिरत्या पिंपात वाळूबरोबर घासले की नदीतल्या गोट्यांसारखे दिसतात, आणि खऱ्या मालात शंभरात पाच मिसळले की पार्सल तयार. घनता इथे काही उपयोगाची नाही, कारण कृत्रिम माणकाचीही घनता ४.००च. खडा योग्य द्रवात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या वक्र रेषा शोधाव्या लागतात. नैसर्गिक स्फटिकात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात असतात. एका पेटीतले काही खडे ७१०३ चे आणि काही ७१०४ चे असतात, आणि बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रावर, लिहिलेले असते फक्त ‘रफ स्टोन्स, मिक्स्ड’.

‘ढोबळ आकार’ कुठे संपतो हाही रोजचा वाद आहे. करवतीने कापलेला, घासून अंड्याच्या आकाराचा केलेला, पृष्ठभाग खरबरीत आणि निस्तेज असलेला खडा म्हणजे प्रीफॉर्म. त्यावर पुढचे काम बाकी आहे हे उघड असते, तो ७१०३ १० मध्ये राहतो. पिंपात फिरवून चकचकीत केलेला गोटा तयार माल आहे, त्याची जागा जातीप्रमाणे ७१०३ ९१ किंवा ७१०३ ९९. मधला अवघड प्रकार म्हणजे खिडकी पाडलेला खडा. आतला रंग आणि चिरा दिसाव्यात म्हणून विकणारा कच्च्या गोट्याला एका बाजूने नखाएवढी चकती घासून चमकावतो. एवढ्या पॉलिशने खडा घडवलेला झाला का? माझ्या मते नाही. ते पाहणीसाठी केलेले काम आहे, खड्याचा अंतिम आकार त्यातून येत नाही आणि पुढे तोच भाग कापून टाकला जातो. पण हे कुठे स्पष्ट लिहिलेले नसेल तर प्रत्येक बंदरावर वेगळे उत्तर मिळणार, आणि भारतात कच्च्यापेक्षा घडवलेल्यावर शुल्क जास्त असल्याने या उत्तराला पैशाची किंमत आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात घडवलेल्या हिरे-रत्नांवरचे शुल्क ५ टक्क्यांवर आणले आणि नुसत्या कापलेल्या हिऱ्यावरचे शून्य केले, तेव्हा हिऱ्याच्या बाजूची ही कटकट बरीच मिटली. रंगीत खड्यांना तशी स्पष्टता हवी आहे.

महाराष्ट्राचा संबंध इथे थेट येतो, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि त्यांच्या सोबतची खनिजे जगात क्वचितच कुठे सापडतील इतकी देखणी निघतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळेशार कॅव्हान्साइट, जळगाव आणि नाशिककडचे हिरवट-पारदर्शक अपोफिलाइट, गुलाबी स्टिलबाइट, ह्यूलँडाइट. खडी फोडण्याच्या खाणीत सुरुंगानंतर कामगाराच्या हाताला लागलेला तुकडा परदेशातल्या खनिज प्रदर्शनात काचेआड मांडला जातो. हा माल रत्न नाही. अपोफिलाइटचा कठीणपणा मोहच्या मापावर ४.५ ते ५, स्टिलबाइटचा ३.५ ते ४; अंगठीत घातले तर महिन्याभरात धार जाईल. म्हणून ७१०३ त्याची जागा नव्हे. साध्या खनिज पदार्थांचे २५३० आणि संग्राह्य खनिज नमुन्यांचे ९७०५ ही त्याची खरी दारे आहेत, आणि दोन्हींतला फरक असा की निवडलेला, आधारशिलेवर नीट उभा असलेला, जागेच्या नोंदीसह विकला जाणारा नमुना संग्राह्य वस्तू असतो, आणि किलोने भरलेला तुकड्यांचा ढीग खनिज पदार्थ. तरीही ‘सेमी-प्रेशस स्टोन’ हा सवयीचा शब्द इन्व्हॉइसवर पडला की माल रत्नांच्या रांगेत उभा राहतो आणि तिथे त्याला रत्नांचे प्रश्न विचारले जातात.

त्याची किंमत नमुना मोजतो. ओकेनाइट हे खनिज पोकळीत पांढऱ्या कापसाच्या गोळ्यांसारखे वाढते. तंतू इतके नाजूक की बोट लागले तर चिकटून बसतात आणि पुन्हा कधी उभे राहत नाहीत. ‘कच्चे रत्न’ म्हणून पेटी उघडली की तपासणारा दगड हातात घेऊन उलटा करणार, कारण रत्नाची तपासणी तशीच होते. पेटीवर आणि शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्रात, ‘खनिज नमुना, ओकेनाइट, स्पर्श करू नये, छायाचित्र सोबत’ असे असेल तर तपासणी झाकण उघडून पाहण्यावर भागते.

तेव्हा माझी मागणी अशी. आयात-निर्यातीच्या घोषणेत कच्च्या खड्यांसाठी सहा गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत सक्तीने विचाराव्यात: नैसर्गिक की प्रयोगशाळेतला; खनिजाची जात; काम किती झाले, म्हणजे मूळ, कापलेला, प्रीफॉर्म की खिडकी पाडलेला; उष्णता देण्याची, तेल किंवा काच भरण्याची प्रक्रिया झाली का; खाण असलेला देश, आणि तो पाठवणाऱ्या देशापेक्षा वेगळा असेल तर दोन्ही; शेवटी नग, कॅरेट आणि खड्यांचा वजनगट. आज एखाद्या कागदावर ‘रफ प्रेशस स्टोन्स, मिक्स्ड, ०.२४८ किलो’ असते. तेच पार्सल असे लिहिता येते: ‘नैसर्गिक स्पिनेल, लाल, नदीतले गोटे, न घडवलेले, प्रक्रिया नाही, खाण-देश टांझानिया, पाठवणी थायलंडहून, २ ते ५ कॅरेटचे ४१२ नग, एकूण १,२४० कॅरेट’. दुसऱ्या ओळीत तपासणाऱ्याला काय तपासायचे ते कळते. प्रत्येक वजनगटातून ठरावीक खडे काढायचे, पाण्यात तोलायचे, एकाची घनता ४.०० आली तर पुढे जायचे की थांबायचे हे तिथेच ठरते.

हे अशक्य नाही. काही प्रकरणांतल्या रसायनांसाठी २०२३ पासून आयातदाराला शास्त्रीय नाव आणि सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, असे जादा तपशील घोषणेत द्यावे लागतात. पांढऱ्या भुकटीच्या पिंपाला नाव मागता येते, तर लाल खड्याला का नाही?

यावर पहिला आक्षेप येतो: शुल्क जवळजवळ नाहीच, जीएसटी ०.२५ टक्के, मग एवढा खटाटोप कशासाठी? शुल्क असे नगण्य असले की किंमत कमी दाखवण्यात कोणाचा फायदा नसतो, म्हणून दाखवलेली किंमत खरी, असे गृहीत धरले जाते. पण फायदा दुसऱ्या बाजूलाही असतो. हलका खडा दसपट किंमत लावून मागवला तर तेवढे परकीय चलन कायदेशीर कागदावर देशाबाहेर जाते. कच्च्या रंगीत खड्याला ठरलेला भाव नाही, दोन जाणकार एकाच लॉटला दुप्पट फरकाची किंमत सांगू शकतात, आणि वर्णन मोघम असेल तर नंतर तपासणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. खडे तोवर घडून गेलेले असतात. जात, नग आणि वजनगट लिहिलेला असेल तर किंमत निदान कशाशी तरी ताडता येते.

दुसरा आक्षेप छोट्या व्यापाऱ्याचा आणि तो खरा आहे. दोन किलो मिश्र माल घेऊन येणाऱ्याकडे ना प्रयोगशाळा ना वेळ. म्हणून मिश्र लॉटची सोय ठेवावी: वजनाने मोठ्या तीन जाती लिहाव्यात, बाकी ‘इतर’, ठरावीक किमतीखाली नगांची मोजणी माफ. खाण-देश माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असे लिहिण्याची मुभा असावी आणि त्याबद्दल शिक्षा नसावी. खोटे नाव लिहिण्यापेक्षा अज्ञान लिहिणे बरे, आणि कोणत्या वाटेने किती निनावी माल येतो हेही त्यातून कळते. व्यापाऱ्यांना पुरवठादार उघड होण्याची भीती वाटते. ही माहिती विभागापुरती राहील असा नियम त्यासाठी पुरेसा आहे.

तिसरा मुद्दा किंबर्ले प्रक्रियेचा. कच्च्या हिऱ्यांसाठी २००३ पासून प्रमाणपत्र आणि सीलबंद पेटीची पद्धत आहे, मग रंगीत खड्यांनाही तीच लावा, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. हिरा एक जात आहे. रंगीत खडे कितीतरी जातींचे, अनेक देशांत लहान खड्ड्यांतून हातांनी काढलेले. प्रमाणपत्र सक्तीचे केले तर मोठ्या खाणी टिकतील आणि फावडे घेऊन खणणारा माणूस दलालाच्या आणखी ताब्यात जाईल. आधी नाव लिहायला लावू; प्रमाणपत्राची चर्चा त्या नोंदी जमल्यावर करू.

तोपर्यंत आयातदाराने काय करावे? १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ खाली वर्गीकरण ही आता आयातदाराचीच जबाबदारी आहे. कस्टम ब्रोकरने मागच्या बिलातली ओळ उतरवली ही सबब चालत नाही. कलम २८ खाली एरवी दोन वर्षे आणि माहिती दडवल्याचे ठरले तर पाच वर्षे मागे जाऊन मागणी येऊ शकते. पुरवठादाराला इन्व्हॉइसवर जातीनिहाय ओळी द्यायला आधीच सांगावे. माल निघण्यापूर्वी प्रत्येक जातीचे फूटपट्टीसह छायाचित्र घ्यावे. त्याच प्रकारचा माल वारंवार येणार असेल आणि दार संशयास्पद असेल, तर कलम २८एच खाली मुंबई किंवा दिल्लीच्या प्राधिकरणाकडून आगाऊ निर्णय घ्यावा. अर्जाचे शुल्क १०,००० रुपये. निर्णय काही वर्षे चालतो. झिओलाइटच्या निर्यातदारांनी एकत्र येऊन नमुना आणि ढीग यांतला फरक असा एकदा लिहून घेतला तर त्यांचा रोजचा वाद थांबेल.

राहता राहिला सहा अंकी आकडा. तो बदलत नाही असे नाही. प्रयोगशाळेतले हिरे बाजारात वाढले तेव्हा २०२२ च्या आवृत्तीत ७१०४ चे रकाने फोडून कच्च्या कृत्रिम हिऱ्याला ७१०४ २१ आणि घडवलेल्याला ७१०४ ९१ दिले गेले. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे, त्यानंतरच्या आवृत्तीसाठीचा प्रस्ताव आत्ताच तयार व्हायला हवा. जयपूर आणि मुंबईत जगभरातून रंगीत कच्चा माल येतो, त्यामुळे हा प्रस्ताव भारताने मांडावा आणि झांबिया, मोझांबिक, टांझानिया यांना सोबत घ्यावे. रॉयल्टी त्यांची बुडते. ७१०३ १० च्या जागी ७१०३ ११ माणिक, नीलम आणि पाचू, व ७१०३ १९ इतर, एवढीच फोड मागायची आहे. आठ अंकी पातळीवरचे काम आणि घोषणेतले सहा रकाने यांसाठी मात्र ब्रसेल्सची वाट पाहावी लागत नाही, ते दिल्लीहून आपले आपल्याला करता येते.